अमँडा कोणाची?

'गॉन बेबी गॉन' हा चित्रपट 2007 सालचा. डेनिस लेहेन यांच्या 1998 च्या कादंबरीवर बेन अ‍ॅफ्लेकने तो काढला, दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच. इतकी वर्षं झाली तरी नव्याने पाहणारे प्रेक्षक एकाच मुद्द्यावर तुटून पडतात: शेवटी नायक पॅट्रिक केन्झीने केलं ते बरोबर की चूक? या वादात मी ऐकलेली बहुतेक मतं त्याच्या विरोधात जातात. हट्टी, तत्त्वांचा आंधळा, एका चिमुरडीचं आयुष्य स्वतःच्या सचोटीपायी उधळणारा, अशी विशेषणं त्याच्या वाट्याला येतात. मला पॅट्रिक बरोबर वाटतो. त्याचा निर्णय सुखाचा नव्हता आणि त्याची किंमतही मोठी होती. पण त्याला दोष देणारे ज्या प्रश्नाचं उत्तर शोधतायत तो प्रश्नच चुकीचा आहे, आणि त्याची बाजू घेणाऱ्यांपैकी अनेकजण ती इतकी लंगडी मांडतात की ऐकणारा पलीकडच्या गोटात जाऊन बसतो.

चित्रपट पाहिला नसेल त्यांनी आधी तो पाहावा, कारण पुढे सगळंच उघड करावं लागणार आहे. बॉस्टनमधली डॉर्चेस्टर ही कष्टकऱ्यांची वस्ती. तिथून चार वर्षांची अमँडा नाहीशी होते. तिची आई हेलीन व्यसनी, बेफिकीर. मामी बी खासगी तपास करणाऱ्या पॅट्रिक आणि अँजी या जोडीला गाठते. हेलीन पॅट्रिककडून वचन घेते, की तू माझ्या मुलीला घरी आणशील. पुढे एका खाणीच्या खोल पाण्यात पोरगी बुडाली असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात ती जिवंत असते. लहान मुलांवरच्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पोलीस विभागाचा प्रमुख जॅक डॉइल, त्याचा सहकारी रेमी ब्रेसँट आणि अमँडाचा मामा लायनल यांनी संगनमताने तिला पळवलेलं असतं. डॉइलची स्वतःची मुलगी बाराव्या वर्षी मारली गेलेली. तो निवृत्त होऊन गावाकडच्या घरात बायकोसोबत अमँडाला जिवापाड वाढवतोय. पॅट्रिकला हे कळतं. अँजी त्याला विनवते, पोलिसांना बोलावू नकोस. तो बोलावतो. डॉइलला अटक होते, अमँडा हेलीनकडे परत जाते, आणि अँजी पॅट्रिकला सोडून निघून जाते.

पॅट्रिकचे पाठीराखे म्हणतात, कायदा म्हणजे कायदा, अपहरण म्हणजे अपहरण. हा युक्तिवाद पहिल्याच धक्क्याला कोसळतो, कारण पॅट्रिक काही कायद्याचा पुतळा नाही. चित्रपटाच्या मध्यावर त्याने एका निःशस्त्र माणसाच्या डोक्यात गोळी घातलेली आहे. (त्या प्रसंगाकडे मी पुढे येणार आहे, माझ्या मते सगळ्या कथेची किल्ली तिथे आहे.) शिवाय 'आई ती आईच' हा दुसरा आधार तर त्याहून पोकळ. जन्म दिला म्हणून मुलाला वाट्टेल तसं वागवायचा परवाना कोणालाच मिळत नाही, आणि तसा मिळावा असं मानणाऱ्यांच्या बाजूला बसायची माझी तयारी नाही.

विरोधकांचा युक्तिवाद ऐकायला अधिक माणुसकीचा वाटतो. इकडे हेलीनचं घर, तिकडे डॉइलचं. सांगा, मूल कुठे सुखी राहील? या तुलनेत हेलीन हरते, आणि ती हरते हे मी आधी पूर्णपणे मान्य करतो. ती 'गरीब आहे म्हणून बदनाम' एवढंच नाही. मुलगी गायब झाली त्या रात्री मी शेजारणीकडे टीव्ही बघत होते असं ती सांगते, आणि होती बारमध्ये, कोकेन ओढत. अमली पदार्थांच्या व्यवहारात ती पोरीला सोबत नेते. लायनल सांगतो तो प्रसंग तर अंगावर येतो: भर उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर ही आणि तिचा मित्र नशेत, आणि पोरगी बंद गाडीत उन्हाने भाजून निघालेली. आणि अगदी शेवटी ती बाहुली. मुलगी हरवलेली असताना हेलीनने सगळ्या जगाला सांगितलेलं असतं की अमँडाच्या बाहुलीचं नाव मिराबेल. परत आलेल्या अमँडाजवळ बसून पॅट्रिक विचारतो, ही मिराबेल ना? पोरगी म्हणते, अ‍ॅनाबेल. आईला पोरीच्या एकुलत्या एका बाहुलीचं नावसुद्धा ठाऊक नाही. नावातल्या एवढ्याशा फरकाने दिग्दर्शकाने हेलीनवर आरोपपत्र ठेवलंय आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

मग पॅट्रिक बरोबर कसा?

आधी हे पाहू, की दोन घरांची ती तुलना आपल्यापुढे मांडतं कोण. डॉइलच्या भूमिकेत मॉर्गन फ्रीमन आहे. पडद्यावर त्याने वर्षानुवर्षं जमवलेला सगळा विश्वास तो या पोलिसाला आपोआप देऊन टाकतो. त्याच्या घरी मोकळं अंगण, ऊन, हिरवळ. हेलीनच्या घरी अंधारी खोली, टीव्हीचा आवाज, जिन्यावर पत्रकारांची गर्दी. एमी रायनने हेलीन इतकी जिवंत उभी केली की सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिला नामांकन मिळालं, पण तिच्याकडे पाहून आपल्या मनात दया येण्याआधी तिटकारा येतो: तिच्या बोलण्याचा, शिव्यांचा, कपड्यांचा, वस्तीचा. या तिटकाऱ्यातला किती भाग तिने मुलीशी केलेल्या वागणुकीबद्दलचा आणि किती तिच्या वर्गाबद्दलचा, हे प्रत्येकाने स्वतःला एकदा विचारावं. घरात दारू पिऊन मुलांकडे ढुंकून न पाहणारे बाप सुखवस्तू सोसायट्यांमध्ये नाहीत का? त्यांची मुलं एखाद्या सज्जन पोलीस अधिकाऱ्याने रात्रीतून उचलून न्यावीत असं आपल्यापैकी कोणी म्हणेल का?

इतिहासात हा प्रयोग झालेला आहे, आणि अनेकदा झालेला आहे. अमेरिकेतच मेम्फिस शहरात जॉर्जिया टॅन नावाची बाई 1924 ते 1950 मुलं दत्तक देण्याचं काम करत होती. तिचं तत्त्व अगदी डॉइलचंच: गरीब, एकट्या, 'नालायक' आयांपेक्षा सुस्थितीतल्या घरात मूल जास्त चांगलं वाढेल. त्या तत्त्वाच्या जोरावर आयांना फसवून, धमकावून, कधी सरळ उचलून नेऊन मुलं पैसेवाल्या कुटुंबांना विकली गेली. अशा मुलांची संख्या पाच हजारांच्या घरात धरली जाते. शहरातल्या प्रतिष्ठितांना ती समाजसेविका वाटायची, बालन्यायालयाची न्यायाधीश तिच्या पाठीशी होती. ऑस्ट्रेलियात 1910 ते 1970 या काळात आदिवासी मुलांना 'त्यांच्याच भल्यासाठी' आईबापांपासून तोडलं गेलं. 1997 च्या सरकारी चौकशी अहवालाने त्याचं प्रमाण दर दहात एक ते दर तिनात एक असं काढलं. पंतप्रधान केव्हिन रड यांनी 13 फेब्रुवारी 2008 रोजी संसदेत माफी मागितली. 'गॉन बेबी गॉन' अमेरिकेत प्रदर्शित होऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

आणि हे फक्त गोऱ्या लोकांच्या देशात घडलं असंही नाही. आपल्याकडे ब्रिटिशांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्या 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात एक कलम होतं: या जमातींची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची माणसं ठेवली होती, आणि तो कायदा रद्द होईपर्यंत त्यांच्या डोक्यावर टांगलेला होता. कलम लिहिणाऱ्यांच्या मनात क्रौर्य होतं असं मानायची गरज नाही. चोराच्या घरात पोर चोरच होणार, त्याला वेळीच बाहेर काढलं तर माणूस होईल, हीच त्यांची समजूत. आईबापांना नालायक ठरवण्याचा अधिकार एकदा हातात घेतला की यादी कोणापासून सुरू होते ते सोलापुरात दिसतं.

यावर एक नेमका आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हे सगळे दाखले धोरणांचे आहेत, डॉइल म्हणजे धोरण नव्हे. त्याने एका जमातीची मुलं उचलली नाहीत, पैसे घेतले नाहीत. त्याने एक मूल वाचवलं, आणि तेही खरोखरच धोक्यात असलेलं. एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न असताना सोलापूर आणि मेम्फिस कशाला काढायचं?

ठीक आहे, फक्त एका मुलीचंच बोलू. डॉइलच्या घरातलं अमँडाचं सुख कशावर उभं आहे? तिची आई तिला मेलेली समजते यावर. मामीही तसंच समजते, जिने तिच्यासाठी जिवाचं रान केलं. ही गोष्ट अमँडाला कधीही कळता कामा नये यावर. ती दहा वर्षांची झाल्यावर, वीस वर्षांची झाल्यावर, स्वतःची मुलं झाल्यावरही डॉइल दांपत्याला रोज खोटं बोलावं लागणार. ते खोटं आधीच किती माणसांना गिळून बसलंय पाहा: खंडणीचा बनाव रचावा लागला, त्या बनावात खाणीपाशी चीझ नावाचा गुंड मारला गेला, लायनलने स्वतःच्या बायकोला महिनोन्‌महिने रडू दिलं, आणि पितळ उघडं पडायच्या भीतीने रेमी तोंडावर मुखवटा चढवून बारमध्ये बंदूक रोखतो आणि त्यातच जिवाला मुकतो. मूल वाचवण्याचा एखादा मार्ग इतक्या लवकर इतकी प्रेतं मागत असेल, तर त्या मार्गाबद्दल शंका यायला नको का?

अर्जेंटिनात 1976 ते 1983 च्या लष्करी राजवटीत नाहीशा केलेल्या तरुण जोडप्यांची बाळं राजवटीच्या जवळच्या कुटुंबांत गुपचूप वाढवली गेली. त्यांची संख्या सुमारे पाचशे धरतात. आज्या रस्त्यावर उतरल्या, प्लाझा द मायो या चौकात फेऱ्या घालत राहिल्या, जनुकीय चाचण्यांच्या आधारे एकेक नातवंड शोधत राहिल्या. शंभराहून अधिक सापडली. डॉइल त्या राजवटीतला नाही, त्याचे हात तसे रक्ताळलेले नाहीत, ही तुलना मी तिथवर ताणत नाही. मुद्दा मुलांचा आहे. त्यांतली कित्येक लाडात वाढली होती, चांगल्या शाळांत शिकली होती. कळल्यावर काहींनी वाढवणाऱ्यांशी नातं तोडलं, काहींना ते तोडवेना, काहींनी तर रक्त द्यायलाही नकार दिला. पण चांगलं खायला-ल्यायला मिळालं म्हणून प्रश्न मिटला, असं तिथे झालं नाही. पॅट्रिक डॉइलला दारात जे सांगतो त्याचा मथितार्थ हाच आहे: मोठी झालेली अमँडा कदाचित येऊन विचारेल की मला तिथे का परत नेलंस, तर मी माफी मागेन आणि ते ओझं वाहीन, पण मला पळवलं होतं, तुला ठाऊक होतं आणि तू गप्प बसलास, असं विचारणाऱ्या बाईला मला तोंड दाखवता येणार नाही. लोक या उत्तराला अहंकार म्हणतात. मला त्यात चार वर्षांच्या मुलीला उद्याची पूर्ण बाई म्हणून पाहणारा, त्या सगळ्या गोंधळातला एकमेव माणूस दिसतो. बाकी सगळे तिला कुठे ठेवायचं याचा विचार करतायत. तिला एक दिवस उत्तर द्यावं लागेल हे फक्त त्याच्या मनात आहे.

आता त्या गोळीकडे. चित्रपटाच्या मध्यावर पॅट्रिक दुसऱ्या एका हरवलेल्या मुलाच्या शोधात कॉर्विन अर्ल नावाच्या बालशोषकाच्या घरात शिरतो. पोरगा मेलेला सापडतो. अर्ल गुडघ्यावर, हात रिकामे. पॅट्रिक त्याच्या डोक्यामागे गोळी झाडतो. सगळे त्याची पाठ थोपटतात, अँजीसुद्धा. प्रेक्षकही मनातून थोपटतो. मीही थोपटली होती. नंतर रेमी त्याच्याजवळ आपली जुनी गोष्ट काढतो, एका छळ करणाऱ्या बापाला अडकवण्यासाठी खोटा पुरावा पेरल्याची, आणि सांगतो की बाजू घ्यावीच लागते. पॅट्रिक म्हणतो, पुन्हा वेळ आली तर मी गोळी घालणार नाही. चित्रपट तिथे थांबून उपदेश करत नाही, पण दिग्दर्शकाने हा प्रसंग शेवटच्या निर्णयाच्या आधी ठेवलाय तो उगाच नव्हे. मीच न्यायाधीश, मीच साक्षीदार, मीच अंमलदार, आणि मला शंभर टक्के खात्री आहे, ही अवस्था कशी असते ते पॅट्रिकला आतून माहीत झालंय. त्या खात्रीची चव त्याने घेतलीय आणि ती त्याच्या जिभेवरून जात नाही. म्हणून डॉइलच्या अंगणात उभं राहून तो भुलत नाही. डॉइल आणि रेमी वाईट माणसं नाहीत. ते खात्री झालेली माणसं आहेत, आणि त्यांच्या खात्रीची तपासणी करणारं कोणी उरलेलं नाही. ज्यांना गोळी अस्वस्थ करते पण अपहरण करत नाही, त्यांनी मला या दोहोंतला फरक समजावून सांगावा. निकालाखेरीज मला तरी तो सापडलेला नाही.

आपल्याकडे हा विषय परका समजायचं कारण नाही. 2011 मध्ये नॉर्वेत एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुलं तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेने काढून घेतली तेव्हा सगळा देश पेटून उठला. मुलांना हाताने भरवतात, आपल्याच बिछान्यात झोपवतात, ही कारणं बातम्यांत आली. संस्कृतीवरून भेदभाव केल्याचा आरोप त्या सरकारने नाकारला. 2013 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने मुलं आईकडे दिली. त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. तेव्हा आपण काय म्हणत होतो? की नॉर्वेच्या टापटीप घरात मूल जास्त सुखी राहील का, हा प्रश्नच मुळात कोणी विचारायचा? आपण आईच्या बाजूने उभे होतो कारण ती आई आपल्यासारखी दिसत होती. हेलीन आपल्यासारखी दिसत नाही. आणि एक फरक लक्षात ठेवायला हवा, जो नॉर्वेच्या बाजूने जातो: तिथे निदान यंत्रणेचं नाव होतं, आदेश होता, न्यायालय होतं, परराष्ट्र मंत्रालयाला बोलता आलं, निर्णय उलटवता आला. डॉइलच्या निर्णयाविरुद्ध हेलीनने अपील कुठे करायचं होतं?

तर मग मुलाला मरू द्यायचं का, असं मला हमखास विचारलं जातं. मुळीच नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार मुलाकडे गंभीर दुर्लक्ष होतंय असा संशय आला की तो बालकल्याण खात्याला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. डॉइल तर त्या विषयाचा विभागप्रमुख. लायनल आणि बी न्यायालयात पालकत्व मागू शकत होते. हा रस्ता लांबचा, बेभरवशाचा, आणि न्यायालयं आईकडेच झुकतात, हे मान्य. पण चित्रपटात या तिघांपैकी कोणी त्या रस्त्यावर पाऊल टाकल्याचं दिसत नाही. जे करून पाहिलंच नाही ते अशक्य होतं असं कसं म्हणायचं? आपल्याकडच्या 2015 च्या बालन्याय कायद्यात बालकल्याण समिती असते, अध्यक्ष आणि चार सदस्यांची. मूल चोवीस तासांत तिच्यापुढे आणावं लागतं, आदेश लेखी असतो, त्यावर अपील करता येतं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या या समित्यांची अवस्था काय असते हे ज्याने जवळून पाहिलंय तो त्यांच्या प्रेमात पडणार नाही. रिकाम्या जागा, लांबणाऱ्या तारखा, दमलेले कर्मचारी. तरीही आईला तिथे समोर उभं राहून बोलता येतं, आणि समिती चुकली तर ती चूक कागदावर असते, दुरुस्त करता येते.

'बघा, शेवटी तर हेलीन पुन्हा मुलगी टाकून बाहेर निघाली' हा पुरावा म्हणून वारंवार पुढे केला जातो. ती निघाली हे खरं. पण एवढा गाजलेला खटला होऊन मुलगी घरी आल्यावर त्या दारात एकही सरकारी माणूस दिसत नाही, व्यसनमुक्तीचं नाव नाही, देखरेखीचं नाव नाही. हा दोष पॅट्रिकच्या फोनचा की त्या फोननंतर हात झटकून गेलेल्या सगळ्यांचा? कॅमेरे होते तोवर गव्हर्नरपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना अमँडा हवी होती.

राहता राहिली अँजी. या सगळ्या वादात मला मनापासून आदर वाटतो तो तिच्या बाजूबद्दल. अंधारात, खाणीच्या पाण्यात जीव धोक्यात घालून उडी मारणारी ती आहे. तिला बोलण्याचा हक्क कोणी दिलेला नाही, तिने तो कमावलाय. ती डॉइलला निर्दोष म्हणत नाही. ती म्हणते, मुलगी इथे खुश आहे, राहू दे. पण अँजीचं ऐकलं असतं तर त्या मौनाचा भार कोणी वाहिला असता? ती आणि पॅट्रिक बॉस्टनला परतले असते, कदाचित लग्न करून सुखीही झाले असते. ओझं अमँडाच्या डोक्यावर राहिलं असतं, तिला न सांगता, न विचारता. पॅट्रिकच्या निर्णयात ते त्याच्या स्वतःच्या डोक्यावर आहे. लेहेन यांनी 2010 मध्ये या कथेचा पुढचा भाग लिहिला, त्यात अमँडा सोळा वर्षांची आहे, आणि तो वाचून अनेकांनी पुन्हा निकाल लावले. पण पॅट्रिकला त्या अंगणात पुढची बारा वर्षं दिसत नव्हती, डॉइललाही नव्हती. फरक इतकाच, की आपल्याला ती दिसतायत असं डॉइलने गृहीत धरलं होतं, पॅट्रिकने नाही.